शॉकअप एकच बदलावा का?

प्रश्न: माझी 9 वर्षं जुनी हॅचबॅक आहे, रोज सातारा-कराड. पुढच्या डाव्या शॉकअपमधून ऑइल गळतंय, मेकॅनिक म्हणतो तेवढा एकच बदलू. आणि गॅसवाला घेऊ की साधा?

उत्तर: एकच नको, पुढचे दोन्ही बदला. एक नवा एक जुना ठेवला की दोन्ही बाजूंचं डॅम्पिंग (गाडीची उसळी थोपवण्याची ताकद) वेगळं होतं आणि जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढू शकते. मागचे ठीक असतील तर राहू द्या. गॅसवाल्यातही ऑइल असतंच बरं का, फक्त नायट्रोजनच्या दाबामुळे खराब रस्त्यावर ऑइलला फेस कमी येतो आणि पकड टिकते, त्यामुळे तुमच्या रोजच्या रनिंगला तोच बरा, पण शेवटी गॅसवाला असो की साधा, कंपनीने गाडीला जो प्रकार दिलाय त्याच पार्ट नंबरचा घ्या, उगाच स्पोर्ट वगैरे कडक शॉकअप टाकाल तर कंबरेचे हाल. काम निघालंच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबर) पण बघून घ्या, नंतर परत तेवढीच मजुरी कोण देणार? नंतर चाकांची अलाइनमेंट मात्र विसरू नका. आणि जुने शॉकअप रिपेअर करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!