संस्थानिकाच्या मृत्यूचं नाणं

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात चांदीचं जर्मन नाणं सापडलं. तीन मार्क, साल १९११. चेहऱ्याभोवती गेओर्ग हे नाव आणि १०.१०.१८४६, २९.४.१९११ अशा दोन तारखा. हे पदक आहे की चलन?
– एक वाचक, मिरज

उत्तर : चलनच आहे, आणि माझं फार लाडकं. शाउमबुर्ग-लिपे या चिमुकल्या संस्थानाचे अधिपती गेओर्ग त्या दुसऱ्या तारखेला वारले, त्यांच्या स्मरणार्थ ते पाडलं. राजधानी ब्युकेबुर्ग, मुलूख जेमतेम ३४० चौरस किलोमीटर. १९१० साली तिथे सुमारे ४६,००० माणसं राहत होती आणि नाणी पाडली ५०,०००! तान्ह्या बाळालाही एकेक देऊन वर उरतील इतकी. संस्थानाची स्वतःची टांकसाळ नव्हती. नाण्यावर बारीक ‘ए’ दिसेल, ती बर्लिनची खूण.

गादीवरचा माणूस गेला की नाणं काढायची रीत तिकडे जुनी. सतराव्या शतकातल्या मोठमोठ्या तालरांवर, म्हणजे तिकडच्या चांदीच्या जुन्या नाण्यांवर, मृताचा जन्म, राज्यकाल, वय असं सगळं ओळीमागून ओळ कोरलेलं असे. काहींवर कवटीही. १८७१ मध्ये जर्मनी एक झाली आणि ही ऐसपैस जागा गेली. चांदीच्या मोठ्या नाण्यांवर एका बाजूला साम्राज्याचा गरुड हवाच. संस्थानिकाला उरली दुसरी बाजू. मग सारा शोक दोन तारखांत मावला. मला तो कवट्यांपेक्षा जास्त भिडतो.

याच जातीचं साक्स-मायनिंगेनचं नाणं कुठे दिसलं तर जरूर हातात घेऊन पाहा. तिथले ड्यूक गेओर्ग दुसरे नाटकवेडे. त्यांच्या नाटक मंडळीने युरोपभर दौरे केले. २५ जून १९१४ ला ते गेले आणि तीनच दिवसांनी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झडल्या, ज्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. त्यांच्या स्मृतीचं नाणं निघालं १९१५ मध्ये, ऐन महायुद्धात. तीन मार्कांची अवघी ३०,०००.

तुमचं नाणं सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. वजन १६.६७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, व्यास ३३ मिलिमीटर. झिजलं असेल तर थोडं कमी भरेल. कडेवर ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे ‘देव आमच्यासोबत’, ही अक्षरं असतात. कडेला डाग दिल्याची खूण आहे का तेही बघा; साखळीत अडकवलेल्या नाण्याला किंमत कमी येते. आणि कृपा करून चिंच, रांगोळी, चांदी उजळायची पावडर यातलं काहीही लावू नका. शंभर वर्षांत चढलेला काळसर थर संग्राहकाला हवाच असतो.