लॉगरवर (तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर) पीटी-१०० या तापमान सेन्सरचं तापमान ३ अंशांनी जास्त का दिसतं?

सेन्सरला तीन वायरी असून तुम्ही दोनच जोडल्यात, तिसरी टेप लावून सोडलीत. चूक तिथेच आहे. पीटी-१०० चा रोध दर अंशाला जेमतेम ०.३८५ ओहमने बदलतो. म्हणजे लांब केबलचा नुसता १ ओहम मिसळला तरी अडीच अंशांहून जास्त फरक पडतो. तो वजा करायलाच तिसरी वायर असते.

रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. ज्या दोन वायरींमध्ये जवळपास शून्य ओहम दिसेल ती जोडी. तिच्यात आणि उरलेल्या एकटीत खोलीच्या तापमानाला ११० ओहमच्या आसपास यायला हवं. लॉगरच्या आकृतीत एकत्र जोडलेली दोन टर्मिनलं दिसतील, तिथे जोडी लावा आणि सेटिंगमध्ये थ्री-वायर निवडा. केबल वाढवायची तर तिन्ही वायरी सारख्याच लांबीच्या, सारख्याच जाडीच्या घ्या. हे फार जण विसरतात.