बंद असतानाचं मोज

प्रिय,

तुझं पत्र आलं त्या रात्रीच उत्तर लिहायला बसले होते, पण डोकं तापलेलं होतं, म्हणून दोन दिवस थांबले. राग तुझ्यावर नाही. डीबीएसचं यंत्र, म्हणजे मेंदूत बसवलेल्या बारीक तारेतून (इलेक्ट्रोडमधून) वीज देणारं यंत्र, बंद केल्यावरही तुझ्या रुग्णांचे चाचणीतले गुण फारसे बिघडले नाहीत आणि 'मग ती नोंद निबंधात कशाला' असं कुणीतरी तुला सुचवलं, त्याचा आहे. ठेवू की गाळू, असं विचारतेस. ठेव. पण आधी हे सांग, बंद म्हणजे किती वेळ बंद?

पत्रात ते कुठेच नाही! १५ मिनिटं असतील तर त्याला 'बंद' म्हणू नकोस. पार्किन्सनमध्ये यंत्र थांबलं की कंप काही मिनिटांत परततो. मंदपणा आणि ताठरपणा सावकाश येतात, आणि चाल-तोल किती बिघडतो ते पुरतं दिसायला ३-४ तासही लागतात. डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग पिळवटतं त्या आजारात, तर फायदा दिसायलाच आठवडे, कधी महिने जातात. तिथे एका दुपारच्या चाचणीवरून काय ठरवणार?

ही उपचारपद्धती निघालीच मुळी बंद करण्यातून. १९८७च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलमध्ये मेंदूचे शल्यविशारद बेनाबिद कंपासाठी थॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका केंद्राचा, बारीकसा भाग जाळण्याची शस्त्रक्रिया करत. जागा बरोबर आहे ना हे पाहायला, जाळण्याआधी इलेक्ट्रोडमधून वीज सोडत. शंभरेक हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला शंभरेक स्पंदनं दिल्यावर, कंप थांबला. वीज बंद केली, कंप परत आला. सगळे पहिल्या गोष्टीचं कौतुक करतात. मला दुसरी मोलाची वाटते, कारण पहिली नुसत्या योगायोगानेही घडू शकते.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी तोंडावर पडून शिकले. माझ्या पहिल्या अभ्यासात एक शिंपीकाका होते. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला आणि रडले. मीही रडले, आणि नोंद यंत्राच्या खात्यावर टाकली. यंत्र तेव्हा सुरूच केलेलं नव्हतं! नुसता इलेक्ट्रोड आत गेल्याने तिथल्या पेशींना बसलेल्या धक्क्याचा तो गुण होता. तो काही आठवड्यांत ओसरतो. महिन्याभराने काका पुन्हा आले तेव्हा सुई हातात धरवत नव्हती. मधल्या काळात यंत्र सुरू केलं तेही मी बेतानेच, कमी विजेवर लावलं होतं, कारण माझ्या वहीनुसार ते उत्तम चाललं होतं. त्यांचा तो महिना माझ्या आळसापायी गेला.

तेव्हापासून बंद असतानाचं मोजल्याशिवाय मी कशावर सही केली नाही. सहकारी पाठीमागे मला 'बंदवाली' म्हणत. एक निबंध तीन वर्षं रखडला आणि तोवर दुसऱ्या गटाचा छापून आला. त्याचं मला काही वाटत नाही. (वाटतं. पण तेव्हा मी चुकले असं आजही वाटत नाही.)

तू म्हणशील, रुग्णाला तासन्‌तास बंद ठेवणं क्रूर आहे. आहेच. औषधही आदल्या रात्रीपासून थांबवलेलं असतं, माणसाला कूस वळवता येत नाही. म्हणून आधी सगळं सांग, आणि त्यांनी 'सुरू करा' म्हटलं की त्याच क्षणी सुरू कर, कारण विचारू नकोस. ४० मिनिटांत थांबावं लागलं तर ४० लिही. पण लिही!

आणि रिमोट तू धरू नकोस. गुण देणाऱ्याला चालू की बंद हे कळता कामा नये, आणि तुझा चेहरा वाचायला कुणालाही येतो. रुग्णापासून लपवणं दरवेळी जमत नाही, सुरू होताना काहींच्या हाताला मुंग्या येतात. नाही जमलं तर तसं नमूद कर.

शस्त्रक्रियेला किती आठवडे झाले होते आणि यंत्र किती वाजता बंद केलं, एवढं प्रत्येक रुग्णापुढे लिहून मला पाठव. आलेख अजून काढू नकोस.