महाभियोग: पायात खोडा, मानेवर जू

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या अध्यक्षांवर महाभियोग ‘ठेवला’, ‘चालवला’ की ‘मंजूर झाला’, यातले बरोबर काय? आणि ‘महाअभियोग’ लिहिले तर चुकते का?

दुसऱ्याचे उत्तर आधी, ते एका शब्दाचे आहे. चुकते. ‘महाआत्मा’ कोणी लिहीत नाही ना? ‘महाआरती कशी चालते मग?’ असे विचारणारे असतातच. चालते, कारण तो जोड आपण परवा घातला. महाभियोग हा संविधानाच्या कलम ६१ मधून सांधून आलेला शब्द आहे, त्याची शिवण उसवू नका.

आता पहिला. १९ डिसेंबर २०१९ची सकाळ. हातात चहाचा कप, तेवढ्यात मेहुण्याचा फोन: “गेला म्हणे तो!” मी दचकलो. म्हटलं, कोण गेला? “अहो, ट्रम्प! महाभियोग मंजूर झाला, पट्टी येतेय खाली.” ट्रम्प कुठेही गेले नव्हते. वॉशिंग्टनमध्ये रात्र होती आणि प्रतिनिधिगृहाने, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहाने, त्यांच्यावर फक्त आरोप ठेवले होते. ५ फेब्रुवारी २०२० रोजी सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, त्यांना निर्दोष सोडले, तेव्हा मेहुण्याचा फोन आला नाही.

तिथल्या राज्यघटनेत या कामाचे दोन तुकडे आहेत. आरोप ठेवायचा अधिकार एकट्या प्रतिनिधिगृहाचा, त्याला साधे बहुमत पुरते. खटला चालवायचा अधिकार एकट्या सिनेटचा, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. एरवी सिनेटच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असतो. पण अध्यक्ष गेला तर खुर्ची त्यालाच मिळायची, म्हणून अध्यक्षांच्या खटल्यात तिथे सरन्यायाधीश बसतात. माणसाचा स्वभाव ओळखून केलेली तजवीज! दुसऱ्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमात महाभियोग ‘आणि’ दोषसिद्धी झाल्यावर पद जाईल, असे म्हटले आहे. तो ‘आणि’ आपल्या बातम्यांत गळतो. जॉन्सन १८६८, क्लिंटन १९९८, ट्रम्प २०१९ आणि पुन्हा २०२१: चार महाभियोग, आणि चारांतून एकाचेही पद गेले नाही. जॉन्सन वाचले एका मताने. दोषी ठरवायला ३६ हवी होती, ३५ पडली. निक्सन यांना महाभियोगाने काढले असे जे सर्रास सांगतात, त्यांनी ऐकावे: त्यांच्यावर महाभियोग झालाच नाही. न्यायविषयक समितीने जुलै १९७४मध्ये आरोप मान्य केले, आणि ते पूर्ण सभागृहापुढे मताला येण्याआधीच, ९ ऑगस्टला, त्यांनी पद सोडले.

गोंधळ वाढवला तो आपल्याच कलमांनी. आपल्याकडे राष्ट्रपतींना ‘महाभियोगाने’ पदावरून दूर करता येते, म्हणजे आरोपापासून गच्छंतीपर्यंत सगळे त्या एका शब्दात. अमेरिकेत तोच शब्द अर्ध्या वाटेवर थांबतो. मराठी वाचक आपले माप घेऊन तिकडचे कापड मोजतो.

पण हे सगळे रुक्ष. खरी गंमत महाभियोगासाठीच्या ‘इम्पीच’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात आहे. तो इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. फ्रेंच लोक आजही ‘अडवणे’ या अर्थी त्याचाच भाऊ वापरतात. त्याच्या मागे लॅटिन ‘इम्पेदिकारे’, आणि त्यात ‘पेदिका’ म्हणजे पायातली बेडी. ‘पेस’, ‘पेदिस’ म्हणजे पाय. संस्कृत पद्, पाद आणि आपला पाय त्याच घरचे. म्हणजे इम्पीच करणे म्हणजे अक्षरशः खोडा घालणे! खोडा हा मुळात भोके पाडलेला लाकडी ओंडकाच, गुन्हेगाराचे पाय अडकवायचा. आता बघा मराठी कशी चपखल बसते: प्रतिनिधिगृह खोडा घालते, पण खोडा पडलेला माणूस अजून खुर्चीतच असतो. पायउतार व्हायला सिनेट लागते. पायाच्या या दोन वेगळ्या क्रिया आपल्याकडे तयार असताना आपण त्यांची गल्लत करतो. आणि ऑफिसात जे ‘एक्स्पेडाइट करा’ म्हणून मागे लागतात, ते त्याच पायाला बेडीतून सोडवायला सांगत असतात. जेवणानंतर पाय मोकळे करून येतो म्हणणाऱ्याला हे सांगून पाहा.

काही विद्वान या शब्दाचे नाते लॅटिन ‘इम्पेतेरे’ म्हणजे चाल करून जाणे याच्याशी लावतात. मध्ययुगात इंग्रजांच्या कारकुनांनी लॅटिन दप्तर लिहिताना इम्पीचसाठी हाच शब्द योजला, एवढाच त्याला आधार. अर्थ जुळला की व्युत्पत्ती जुळली असे मानणारे कारकून तेव्हाही होते आणि आजही आहेत. आज ते स्वतःला भाषाशास्त्रज्ञ म्हणवतात, एवढाच फरक.

लॅटिनने पाय धरला, तर संस्कृतने मान. अभियोग हा युज् धातूचा, म्हणजे जुंपण्याचा. युग वरून आपले जू, योक्त्र वरून जोत. स्मृतिकार याज्ञवल्क्य बजावतो: ‘अभियोगमनिस्तीर्य नैनं प्रत्यभियोजयेत्’, म्हणजे स्वतःवरचा आरोप निस्तरल्याखेरीज आरोप करणाऱ्यावर उलट आरोप करू नये. हे वचन वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्षांच्या कचेरीत लावायला हरकत नाही. आणखी एक मौज: संस्कृतात अभियुक्त म्हणजे आरोपीही, आणि एखाद्या विषयात मुरलेला तज्ज्ञही. जो जुंपला गेला, तो अभियुक्त.

माझे एक कोशप्रेमी स्नेही म्हणतात, ‘महा’ हा नुसता फुगवटा आहे, अभियोग पुरे. मुळीच नाही. अभियोग म्हणजे कुठलाही फौजदारी आरोप. सरकारी अभियोक्ता रोज करतो तो. माझ्या मते हा ‘महा’ गुन्ह्याच्या नव्हे, पदाच्या उंचीचा आहे. अमेरिकी घटनेत महाभियोगाची कारणे सांगताना देशद्रोह आणि लाचखोरीनंतर जे ‘हाय क्राइम्स’ येतात, त्यांचे भाषांतर आपण ‘गंभीर गुन्हे’ करून मोकळे होतो. तो ‘हाय’ खुर्चीचा आहे: अधिकाराच्या जागेवरून, त्या अधिकाराच्या जोरावर केलेला अपराध. हे शब्द घटनेत कसे आले तेही ऐका. ८ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फिया, घटना लिहिणाऱ्यांची सभा. जॉर्ज मेसन उठून म्हणाले, नुसता देशद्रोह आणि लाच पुरणार नाही; हेस्टिंग्ज काही देशद्रोहाचा दोषी नाही. हेस्टिंग्ज म्हणजे आपला वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी १७८२चा सालबाईचा तह झाला तोच. १७८७च्याच मे महिन्यात लंडनच्या पार्लमेंटाने हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल त्याच्यावर महाभियोग ठेवला होता. मेसन यांनी आधी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. सभेतले दुसरे सदस्य मॅडिसन म्हणाले, इतका सैल शब्द घातला तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. मग मेसन यांनी तो मागे घेऊन ‘हाय क्राइम्स’ हे जुने इंग्रजी शब्द घातले. हेस्टिंग्ज मात्र १७९५मध्ये सुटला, सात वर्षे खटला चालून.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. प्रतिनिधिगृह महाभियोग ठेवते, सिनेट तो चालवते. ‘मंजूर झाला’ व्याकरणाने चालेलही, पण ते लिहिले की माझ्या मेहुण्याचा फोन येतो.