सिरीज आणि गाण्यांवरून बोलण्यापुरतं इटालियन शिकता येतं का? ॲपवरचा कोर्स झालाय, सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी तोरिनोला (ट्युरिनला) जायचंय, गोमोर्रा आणि लामीका जेनिआले या सिरीज बघायच्या म्हणतोय

येतं, नक्की येतं. मी तोरिनोतच राहते आणि माझं बोलणं सुटलं ते क्लासपेक्षा टीव्हीमुळे जास्त. पण तुम्ही प्रश्नात जी नावं दिलीयेत ना, गोमोर्रा आणि लामीका जेनिआले, ती आत्ता बाजूला ठेवा. दोन्ही सिरीज जबरदस्त आहेत, प्रश्न तो नाहीये. त्यांच्यात बराच वेळ नापोलीची (नेपल्सची) बोली चालते, आणि ती इतकी वेगळी आहे की खुद्द इटलीत त्या इटालियन सबटायटल्स लावून दाखवल्या. म्हणजे मिलानचा माणूस जे वाचून समजून घेतो ते तुम्ही नुसत्या कानाने पकडायला जाणार आणि चार एपिसोडमध्ये आपल्याला जमतच नाही म्हणून सोडून देणार. मराठी शिकायला आलेल्याला पहिल्याच दिवशी मालवणी नाटकाला नेऊन बसवावं तसं होतं ते. मोंताल्बानो या पोलिसी सिरीजमध्ये सिसिलीची भाषा मिसळलेली, झेरोकालकारे या कॉमिक्सवाल्याच्या ॲनिमेशनमध्ये रोमची बोली आणि ती पण सुसाट. त्यामुळे काहीही लावायच्या आधी ते कुठल्या गावात घडतं आणि कोण बोलतंय एवढं बघाच, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

तुम्ही तोरिनोला येताय तर लिदिया पोएतवरच्या सिरीजपासून सुरू करा. 2023 मध्ये आली, नेटफ्लिक्सचीच आहे त्यामुळे भारतात मिळते, आणि तोरिनोतच घडते. लिदिया पोएत ही खरी बाई होती, 1883 मध्ये इथल्या वकिलांच्या यादीत तिचं नाव लागलं, मग बाई आहे म्हणून कोर्टाने ते रद्द केलं आणि परत लागायला 1920 उजाडलं, तोवर ती पासष्टीला आली होती. काळ जुना असला तरी सिरीजमधलं बोलणं बरंचसं आजचं आहे आणि उच्चार स्वच्छ आहेत. शिवाय जिथे उतरणार ते शहर आधीच ओळखीचं होऊन जातं.

पण मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असेल तर मी पेर्फेत्ती स्कोनोशूती हा 2016 चा सिनेमा सांगेन. सात मित्रमैत्रिणी जेवायला जमतात आणि ठरवतात की सगळ्यांनी फोन टेबलावर ठेवायचे, जो मेसेज येईल तो मोठ्याने वाचायचा, जो कॉल येईल तो स्पीकरवर घ्यायचा. 2024 चा हिंदी खेल खेल में याच्यावरूनच बनवलाय, म्हणून आधी तो बघा, गोष्ट डोक्यात पक्की होऊ दे, मग इटालियन लावा. गोष्ट माहीत असली की डोकं फक्त भाषेकडे लागतं. आणि हा अख्खा सिनेमा म्हणजे गप्पा आहेत, जेवताना एकमेकांना तोडत, चिडवत, खोटं बोलत मारलेल्या गप्पा, बो (काय माहीत), दाय (चल ना), चोए (म्हणजे), मीका (काही नाही-वालं 'काही'), मागारी (कदाचित, तसं झालं तर बरं) हे ॲपवर ज्यांच्याकडे कोणी नीट लक्ष देत नाही ते सगळे शब्द भरभरून येतात. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्यायचा, आधी सबटायटल्सशिवाय ऐकायचा, मग इटालियन सबटायटल्स लावून, आणि मग त्यांच्या मागोमाग मोठ्याने बोलायचं, त्याच चालीत, त्याच रागात. पुटपुटून नाही, मोठ्याने. घरचे काय म्हणतील ते म्हणू दे. इंग्रजी सबटायटल्स मात्र लावू नका, डोळे तिकडेच जातात आणि कान बंद पडतो.

एक धोका सांगून ठेवते. आवडती इंग्रजी सिरीज इटालियन डबिंगमध्ये बघायचा मोह होईल. इटलीत डबिंग फार चांगलं होतं, पण तिथले सबटायटल्स बहुतेक वेळा डबिंगशी जुळत नाहीत, कारण दोन्ही भाषांतरं वेगवेगळी केलेली असतात, आणि डबिंगची स्वतःची अशी एक भाषा तयार झालीये जी रस्त्यावर कोणी बोलत नाही. सुरुवातीला तरी मूळ इटालियन असलेलंच बघा.

आपल्याला मराठीचा फायदा केवढा होतो हे तिकडचे कोर्स सांगत नाहीत कारण ते इंग्रजीवाल्यांसाठी बनवलेले असतात. त आणि द आपल्याकडे आयते आहेत, ट-ड करायची गरज नाही. पता आणि पत्ता यातला फरक जो कान ऐकतो त्याला पाला म्हणजे फावडं आणि पाल्ला म्हणजे चेंडू हे पहिल्या दिवशी कळतं. आणि आंबा खाल्ला, पोळी खाल्ली असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, इटालियनमध्ये 'ती मी खाल्ली' म्हणताना लो मांजाता आणि 'तो मी खाल्ला' म्हणताना लो मांजातो होतं तेव्हा बाकीचे विद्यार्थी डोकं धरून बसतात, आपण नाही बसत.

तू आणि लेई, म्हणजे आपलं 'तू' आणि मानाचं 'तुम्ही', हा भाग मात्र जपून. तरुण मुलांच्या सिरीजमध्ये सगळे एकमेकांना तू म्हणतात, नुसत्या त्याच बघितल्या तर युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात किंवा राहण्याच्या परमिटसाठी क्वेस्तूरात म्हणजे पोलीस मुख्यालयात गेल्यावर तोंडातून तूच निघणार. त्यासाठी दोक नावाची हॉस्पिटलची सिरीज चांगली आहे, 2020 ची, डॉक्टरची 12 वर्षांची आठवण पुसली जाते ती. पेशंट आणि डॉक्टर लेईमध्ये बोलतात, डॉक्टर आपसात तूमध्ये, एकाच एपिसोडमध्ये दोन्ही ऐकायला मिळतं. ही राई या इटलीच्या सरकारी टीव्हीची आहे, आणि त्यांच्या राईप्ले ॲपवरचं बरंच काही भारतातून उघडत नाही, त्यामुळे दुसरीकडे कुठे नाही मिळाली तर इकडे आल्यावर बघा. तोवर यूट्यूबवर ईझी इटालियनचे रस्त्यावरचे इंटरव्ह्यू बघत जा, खरी माणसं, खरा वेग, आणि खाली सगळं लिहिलेलं असतं.

गाण्यांमध्ये शब्दांचा क्रम वाकवलेला असतो म्हणून बोलणं शिकायला ती कमी कामाची, पण 883 या बँडची नव्वदच्या दशकातली गाणी ऐकाच. बाईक, बार, मित्र, पाव्हियासारख्या लहान शहरातला कंटाळा, सगळं साध्या बोलण्यातल्या शब्दांत. आणि सानरेमो चुकवू नका. 1951 पासून चालू असलेला गाण्यांचा फेस्टिव्हल, बहुतेक फेब्रुवारीत असतो, पाच रात्री लाईव्ह, आणि त्या आठवड्यात लायब्ररीत, बारमध्ये, ट्राममध्ये दुसरा विषय नसतो. 2024 मध्ये रॅपर जेओलिएरचं नापोलीच्या बोलीतलं गाणं दुसरं आलं तेव्हा केवढा वाद झाला. अशा वेळी तुमचं मत कोणीही विचारतं आणि चुकतमाकत का होईना पण तुम्ही बोलता. स्पर्धेतल्या गाण्यांचे शब्द तीव्ही सोर्रीसी ए कान्त्सोनी या साप्ताहिकात फेस्टिव्हलच्या आधीच छापून येतात, कोपऱ्यावरच्या एदीकोलात म्हणजे पेपरच्या टपरीवर मिळेल, तो अंक घेऊन ठेवा.