घरातल्या प्लंबिंगला पीव्हीसी पाइप कोणता घ्यावा आणि जॉइंट गळू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जुनी गंजलेली लोखंडी लाइन काढून प्लास्टिकची टाकायचीये, पण पीव्हीसी, यूपीव्हीसी, सीपीव्हीसी ही नावं ऐकून काही कळेना, आणि मागे एकदा स्वतः केलेला जॉइंट गळला म्हणून आता हात लावायची भीती वाटते. मी प्लंबर नाही, पण माझ्या घरातली सगळी लाइन मी स्वतः टाकलीये आणि त्यातले दोन जॉइंट कापून परत करावे लागले, त्यामुळे तुमची भीती मला चांगली कळते.

पाइप घेताना आधी एवढंच बघा की त्यातून जाणारं पाणी गरम आहे का. पीव्हीसी आणि यूपीव्हीसी यात घाबरण्यासारखं काही नाही, यूपीव्हीसी म्हणजे मऊ करणारं रसायन न घातलेला कडक पीव्हीसी, प्लंबिंगला तोच वापरतात. तो थंड पाण्याचा पाइप आहे. 60 अंश सेल्सिअस ही त्याची शेवटची हद्द, पण त्याची ताकद त्याच्या बरीच आधीपासून उतरायला लागते, 23 अंशाला जेवढा दाब तो सोसतो त्याच्या साधारण 62 टक्केच 38 अंशाला सोसतो आणि 60 अंशाला तर 22 टक्के. गिझरच्या लाइनला टाकला तर लगेच फुटेल असं नाही, पण हळूहळू मऊ पडतो, मधे झोळ येतो आणि सगळा ताण जॉइंटवर जातो. गरम पाण्याला सीपीव्हीसीच, त्यात क्लोरीन जास्त असतं म्हणून तो 93 अंशापर्यंत चालतो, आणि तरीही गिझरला थेट न जोडता मधे धातूचा तुकडा किंवा जाळीची कनेक्शन नळी टाका. एकाच भिंतीत थंड आणि गरम दोन्ही लाइनी जाणार असतील तर मी दोन्ही सीपीव्हीसीच्या करीन, थोडे जास्त पैसे जातात पण फिटिंग एकाच जातीचं आणि जॉइंटला लावायचं सोल्युशन एकच, घोळ होत नाही.

हा घोळ खरंच होतो बरं का. अर्धा इंची पीव्हीसीचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी असतो आणि अर्धा इंची सीपीव्हीसीचा 15.9 मिमी, म्हणजे दोन्हीवर अर्धा इंच छापलेलं असूनही एकाचा एल्बो (वळणाचा तुकडा) दुसऱ्याला बसत नाही, आणि पट्टी लावून मोजलं तर दोन्ही अर्धा इंच भरत नाहीत. म्हणून जुन्या पाइपचा एक तुकडा सोबत घेऊन जा, ते सगळ्यात सोपं. जाडीचं म्हणाल तर पाइपवर तिचा नंबर शेड्यूल म्हणून देतात, शेड्यूल 40 आणि 80 चा बाहेरचा व्यास सारखाच असतो, 80 ची भिंत जाड म्हणून आतलं भोक सुमारे 2 मिमीने कमी. घरातल्या लाइनला 40 पुरतो, टाकी 10 मीटर उंच असली तरी खाली दाब चौरस सेंटिमीटरला 1 किलोच येतो. मेन लाइन मात्र पाऊण इंचीच ठेवा, तिच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ अर्धा इंचीच्या पावणेदोन पट असतं, नाहीतर दोन नळ एकदम उघडले की धार बारीक होते. सांडपाण्याला ड्रेनेजचा वेगळा पाइप येतो, त्याला मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार द्या आणि तो पातळ पाइप दाबाच्या लाइनला कधीच वापरू नका.

आता जॉइंट. पाइप फुटून घरात पाणी झालं असं क्वचितच होतं, गळतो तो जॉइंटच. ते सोल्युशन म्हणजे डिंक नाही, ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं आणि पाइप आणि सॉकेट (फिटिंगचं ज्यात पाइप जातो ते तोंड) एकजीव होतात, म्हणून धूळ, ओल, तेलकट हात काहीही मधे राहिलं की तिथे एकजीव होत नाही. पाइप काटकोनात कापा, हॅक्सॉने कापला तर आतबाहेरचा सगळा कीस कानशीने काढा आणि बाहेरच्या कडेला थोडी तिरकी धार द्या, नाहीतर ती कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. मग कोरडाच घालून बघा, तो साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन घट्ट व्हायला पाहिजे. सहज तळाला गेला तर ते फिटिंग बदला. एल्बोचं तोंड कुठे हवं त्याची पेन्सिलने खूण करा, कारण एकदा लावलं की विचार करायला वेळ नसतो.

माझा जो जॉइंट गळला तो इथेच गळला. सोल्युशन नीट लावलं, पाइप तळापर्यंत घातला आणि लगेच सोडून पुढच्या तुकड्याकडे वळलो. सॉकेट आतून निमुळतं असतं, त्यामुळे ओल्या सोल्युशनवर पाइप आपोआप मागे सरकतो आणि ते डोळ्याला दिसतही नाही. नंतर तो कापला तेव्हा बघितलं, पाइप जवळजवळ बोटाच्या रुंदीएवढा बाहेर आलेला होता. म्हणून पाइपला भरपूर आणि सॉकेटमध्ये पातळ थर लावा, पाव वेढा फिरवत तळापर्यंत दाबा आणि तसाच 30 सेकंद धरून ठेवा, मनात आकडे मोजा, अंदाजाने नको. जॉइंटभोवती सोल्युशनची बारीक सलग कड दिसली म्हणजे बरोबर. पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला लावू नका, डब्यावर प्रायमर (सोल्युशनच्या आधी लावायचा द्रव) सांगितलं असेल तर ते टाळू नका, आणि खिडकी उघडी ठेवा कारण त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते.

आट्याच्या जोडाला टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे, तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आधी हाताने कसा, मग पान्याने एक ते दोन वेढे, बास. जास्त आवळलं की प्लास्टिकचं आतल्या आट्याचं फिटिंग चिरतं, कधी कधी दोन दिवसांनी, म्हणून नळ लावायच्या जागी पितळी आट्याचा एल्बोच घ्या.

उन्हात जाणारा पाइप ठिसूळ होतो, त्याला पाण्यात मिसळणारा रंग मारा. आणि क्लँपमध्ये तो जरा सरकू द्या, 10 मीटरचा पाइप 30 अंशाच्या फरकाने दीडएक सेंटिमीटर वाढतो.

लाइन पूर्ण झाली की 24 तास थांबून पाणी भरा, सगळी हवा नळातून जाऊ द्या, मग नळ बंद करून प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू पेपर फिरवा, एक थेंबही लगेच दिसतो. कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करू नका, हवा दाबून भरलेला प्लास्टिक पाइप फुटला तर तुकडे उडतात. आणि भिंत बुजवायच्या आधी मोजायची टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे कधी ड्रिल मारायची वेळ आली की तोच फोटो शोधाल.