पहिला ट्रेक कुठला?

डोंबिवलीहून सुरुवात करताय, तर पनवेलजवळचा कलावंतीण सुळका सध्या बाजूला ठेवा. फोटोत छान दिसतो, पण कातळातल्या त्या उघड्या पायऱ्यांवर रविवारची गर्दी म्हणजे नवख्याची परीक्षाच.

त्याऐवजी कोथळीगड करा. कर्जतला उतरायचं, कशेळेमार्गे आंबिवली गाठायची. वाट रुंद आहे, वर पेठ गाव लागतं, चहा मिळतो, आणि दमलात तर तिथूनच परत फिरता येतं. सुरुवातीला ठिकाण निवडताना मी हेच बघतो: अर्ध्यातून सुखानं परतता येतं का? पुढे सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना आहे, तो बघूनच थकवा जातो.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- उशिरा निघणं. पहिली लोकल पकडा. मार्चनंतर दहा वाजताच कातळ तापतो.
- एकच बाटली पाणी. माणशी तीन लिटर घ्या, वजन वाटलं तरी.
- ओढा. जाताना घोटाभर असतो, वर तासभर पाऊस कोसळला की येताना कमरेपर्यंत. मी एकदा असाच चार तास पलीकडे बसून होतो, भिजलेल्या पोळ्या खात.

वाटेतल्या पेज नदीत डुंबायचा मोह होईलच. पण तिच्यात भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी येतं, म्हणून आकाश कोरडं असलं तरी आधी गावकऱ्यांना विचारा.

बूट, दोर, जीपीएस वगैरे नंतर बोलू. आधी तीन-चार रविवार चाला.